पाहुणे नावाचा फोल्डर

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे घरात कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी माझा अभ्यास, मग चर्चा, मग घरच्यांसमोर व्याख्यान. शेवटी सगळे कंटाळून "घ्या एकदाचं" म्हणतात, तेव्हा मी गप्प होतो. मिक्सर घेतला तेव्हा हेच झालं, कूलर घेतला तेव्हाही हेच. या वेळी घ्यायचा होता घरातला सर्व्हर. नाव मोठं, वस्तू एवढीशी. एक काळा डबा, त्यात हार्डडिस्क बसवायच्या आणि तो वायफायच्या राउटरला जोडायचा. मग घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप त्यात जमा होतात आणि त्यातले सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ बसल्या जागी टीव्हीवर लागतात. इंटरनेट धड असेल तर दुसऱ्या गावच्या टीव्हीवरही लागतात.

"आपल्याला कशाला हवा?" बायको म्हणाली. "फोनात मावतंय ना सगळं?"

"आणि फोन हरवला तर?"

"आजवर हरवलाय का कधी?"

"मग हरवायची वाट बघायची का?" मी आवाज चढवला. माझा आवाज लवकर चढतो, वर्गातली सवय. "शिवाय सिनेमे बघायला रोज तो पेनड्राइव्ह खुपसायचा आणि काढायचा. टीव्हीचं भोक ढिलं झालंय पार."

"हां, म्हणजे सिनेमांसाठी," ती म्हणाली आणि पुढ्यातली मेथी निवडायला लागली.

तिनं एका वाक्यात ओळखलं. मी मात्र धुळ्याला फोन करकरून सगळ्यांना सांगत सुटलो की हे आपल्या घराण्याच्या आठवणींसाठी आहे. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. इतका आव आणायची काय गरज होती?

आमचं मूळ घर धुळ्याला. तिथं नाना, म्हणजे माझे वडील, आणि मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी नोकरीपायी जळगावला आलो आणि मेहरूणला तळ्याच्या बाजूला घर बांधून इथलाच झालो. दादाच्या पाठची आणि माझ्याहून मोठी अक्का, आमची एकुलती एक बहीण. ती जळगावजवळच्या असोद्याला दिलेली. माझ्या घरून मोटारसायकलला किक मारली की लगेच तिच्या अंगणात, इतकं जवळ. तिच्या घरची केळी माझ्या घरी पिकत, आणि तिच्या हातचं भरीत मी शाळेतून परस्पर जाऊन खाऊन येई. नात्यानं बहीण, पण आई गेल्यावर जेवलास का म्हणून विचारणारी तीच उरली होती.

अक्का गायची. कोणाकडे शिकलेली नाही, आईकडून उचललेलं. कानबाईची गाणी, अखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, हळदीची, सगळी अहिराणी. असोद्याची बोली वेगळी. सुरुवातीला सासरी तिच्या 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणण्यावर हसायचे सगळे. पुढं त्यांच्याच भाऊबंदांत कोणाला हळद लागली की आधी अक्काला बोलावणं जायचं. आवाज असा खणखणीत, की मांडवाच्या एका टोकाला ती बसली असली तरी दुसऱ्या टोकाला लाउडस्पीकरवाला आपली गाणी बंद करायचा. हे काही मी बहीण म्हणून फुगवून सांगत नाही. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. डॉक्टरनं ऑपरेशनआधी स्वच्छ सांगितलं होतं, गाठ काढावीच लागेल, पण आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, तयारी ठेवा. दाजी घाबरले, भाचा पुण्याहून धावत आला, मी डॉक्टरशी वाद घालून आलो. अक्कानं काय केलं? दाजी मळ्यात गेले की दुपारी ती माडीवरच्या खोलीत जायची, दार लावायची, पंखा बंद करायची कारण त्याची घरघर मोबाइलमध्ये येते, आणि मोबाइल उशीला टेकवून एकटीच गात बसायची. आमच्याकडचा उन्हाळा, वर पत्रे, आणि पंखा बंद! तिला येत होती तितकी सगळी गाणी तिनं अशी एकेक करून भरली. भाच्यानं जाण्याआधी ती मोबाइलवरून आपल्या जुन्या हार्डडिस्कवर घेऊन आईजवळ ठेवली. तो मोबाइल पुढं कपडे धुताना बादलीत पडला आणि गेला.

ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलता येतं, पण घोगरं. जोर लावला की फाटतो. अंगणातून कोणाला हाक मारायची तर थाळी वाजवते बिचारी. गाणं सुटलंच. आणि ती स्वतःचं ते गाणं लावूनही बघत नव्हती.

मी सर्व्हर घेतोय हे कळल्यावर ती एका दुपारी बसनं मेहरूणला आली. पिशवीत केळी, आणि केळींखाली रुमालात गुंडाळलेली हार्डडिस्क.

"भाऊ," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हाई आपला घरनं शे. घरमाज ऱ्हाऊ दे."

म्हणजे, हे आपल्या घरचं आहे, घरातच राहू दे. तिच्या मते ही गाणी आईची होती, धुळ्याच्या घरची होती. तिच्या सासरी कोणाला त्यातले शब्द धड कळत नव्हते, दाजींना कानानं कमी येतं, भाच्याला वेळ नाही. तिला वाटलं, माहेरी डब्यात राहतील, आपल्या पोराबाळांच्या कानावर पडतील.

"तू नाही का ऐकत?" मी विचारलं.

"माले नही ऐकवत. तू ऐक."

"ऐकतो की! टीव्हीवर लावून ऐकतो, स्पीकर जोडून!" मी म्हटलं आणि लगेच तिला डब्याचं व्याख्यान दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचा माझ्यावर भारी विश्वास. गावात सांगायची, मना भाऊले मशीनमातलं बठ्ठं समजस, म्हणून.

तर डबा निवडणं. एका डिस्कचा डबा मी पहिल्याच दिवशी मोडीत काढला, डिस्क गेली की सगळं गेलं. चार डिस्कचा घ्यावा असं मनातून फार होतं, पण तो आमच्या टीव्हीखालच्या कपाटात मावत नव्हता, आणि बायकोनं त्यासाठी नवं कपाट करू दिलं नसतं. राहिला दोन डिस्कचा. त्यातही कुठला? कोणाचा पंखा फार वाजतो, कोणाला मोठे सिनेमे पेलत नाहीत आणि चित्र अडकत अडकत येतं, कोणाचं मोबाइलमधलं अॅप मठ्ठ. स्टाफरूममध्ये मी या विषयावर इतका बोललो, की माझा डबा उघडला की सहकारी म्हणायचे, "सर, आता जेवणाचाच उघडलाय ना?" शेवटी एक आवडला. सिनेमे झकास दाखवणारा. हो, त्याच कारणानं निवडला, आता लपवून काय उपयोग?

डबा आला, डिस्क बसवल्या, टीव्हीवर त्याचं पान उघडलं. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला: दोन्ही डिस्कवर एकच मजकूर ठेवायचा का? म्हणजे एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं. पण मग जागा निम्मीच मिळते. मी वर्षानुवर्षं गोळा केलेले सिनेमे, मालिका, क्रिकेटचे जुने सामने, हे सगळं त्या निम्म्या जागेत बसेना. मग मी माझी हुशारी चालवली. पहिल्या डिस्कवर सगळं ठेवायचं, सिनेमांसकट, आणि दुसरीवर फक्त घरच्या माणसांच्या फोल्डरांची रोज एक नक्कल काढायची. सिनेमे गेले तर गेले, परत मिळतील. घरच्या माणसांचं जायला नको. तर्क एकदम बरोबर होता. आजही मी तो वर्गात फळ्यावर मांडून दाखवीन.

मग डब्यानं विचारलं, घरातली माणसं कोण कोण? प्रत्येकाच्या नावाचं खातं उघडायचं होतं. प्रत्येक खात्याला आपला फोल्डर, आणि त्या फोल्डराची दुसऱ्या डिस्कवर नक्कल.

इथं एक सांगावं लागेल. श्रावणात आमच्याकडे धुळ्याला कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू आणि डाळ घ्यायची ती घरातल्या पुरुषांच्या नावानं, प्रत्येकाची सव्वा मूठ. आई सुपात मूठ टाकताना मोठ्यानं नाव घ्यायची, ही नानांची, ही मोठ्याची, ही धाकट्याची. नातू झाले तशा मुठी वाढल्या. अक्का लहानपणी शेजारी बसून सूप धरायची, पण तिची मूठ नसायची. मुलगी सासरची, तिच्या नावाची मूठ इथं पडत नाही. आणि ते रोट भाऊबंदकीच्या बाहेर द्यायचे नाहीत. हे कोणी शिकवत नाही, दरवर्षी बघून अंगात मुरतं.

मी सोफ्यावर रिमोट घेऊन बसलो आणि बोटांवर मोजत नावं टाकत गेलो. नाना. दादा. मी. दादाची दोन पोरं. माझा मुलगा. झालं.

"आणि मी?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तू माझ्यातच की!"

"हो का? मग माझे फोटो तुमच्या सिनेमांत शोधू का?"

मी हसलो आणि तिचं नाव वेगळं घातलं. वहिनीचंही घातलं, नाहीतर धुळ्याहून बोलणी खावी लागली असती. अक्काचं नाव माझ्या मनातही आलं नाही. विसरलो म्हणावं तर तेही खोटं, कारण तिची हार्डडिस्क माझ्या मांडीवर होती! ती डब्याला जोडून मी गाणी उतरवायला घेतली, आणि कुठं ठेवायची विचारलं तेव्हा समोर एक आयता फोल्डर दिसला. मी स्वतःच आधी करून ठेवलेला. कोणी आला-गेला, त्याला दोन फोटो टाकायचे असतील तर म्हणून. त्याला नाव दिलं होतं 'पाहुणे'. मी अक्काची गाणी त्यात टाकली. कुठंही अडखळलो नाही, हात आपोआप गेला.

नक्कल फक्त खात्यांची निघत होती. पाहुण्यांची निघत नव्हती. ते मीच तसं ठरवलं होतं.

उतरवून झाल्यावर चालतंय का म्हणून एक फाइल लावली. आधी शांतता, मग अक्कानं घसा खाकरला. तेवढ्यात दारावर दूधवाला आला. मी ते बंद केलं, आवाज स्वच्छ येतो एवढं समाधान करून घेतलं आणि उठलो. पुढं काय गायली होती ते ऐकायला परत बसलो नाही. रविवारी ऐकू म्हटलं. रविवारी सामना होता.

याहून वाईट पुढं आहे. दादाची पोरं मागं लागली होती, काका, आम्हाला सिनेमे पाठवा, इथलं नेट रडतंय. माझ्याकडे रिकामी हार्डडिस्क नव्हती. अक्काची होती. तिच्यातलं तर सगळं डब्यात आलं होतं! मी ती पुसली, सिनेमांनी गच्च भरली आणि धुळ्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली. अक्काला विचारलंसुद्धा नाही. एकदा बोलता बोलता सांगितलं, तुझी ती डिस्क पोरांना दिली गं. ती म्हणाली, बरं केलं.

त्यानंतर अक्काचे फोन यायचे. केळी पाठवली, मिळाली का, नानांचं गुडघ्याचं कसं आहे, आणि मग सहज विचारल्यासारखं, "लागतस का रे मना गाना?"

"मस्त लागतात!" मी म्हणायचो.

"पोऱ्हे ऐकतस का?"

"ऐकतात की."

तिचा फोन ठेवला की मी टीव्हीवर माझा सिनेमा पुढं चालू करायचो. हे मी एकदा नाही, अनेकदा केलं. खोटं बोलतोय असं वाटायचंही नाही, कारण गाणी खरंच लागली असती. लावली असती तर.

डब्याचा आवाज यायचा, बारीक करकर. सिनेमातल्या शांत जागी ती मला खुपायची. म्हणून मी टीव्हीखालच्या कपाटात तो ठेवला आणि काचेचं दार लावून टाकलं. जळगावचा मे महिना. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, घरात कूलरसुद्धा गरम वारा फेकतोय, आणि तो डबा बंद काचेमागं. बायको एकदा म्हणाली, "कपाटाला हात लावून बघा, तापलंय." मी म्हटलं, "त्याला चालतं." विज्ञानाचा मास्तर मी!

एका दुपारी टीव्हीवरचं चित्र थांबलं ते थांबलंच. कपाटातून टकटक आवाज यायला लागला. पहिली डिस्क गेली होती.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. उलट छाती फुगली. बघा, म्हणून नक्कल काढतात! दुकानातून नवी डिस्क आणली, दुसरीवरची नक्कल तिच्यावर चढवली, आणि संध्याकाळपर्यंत नानांचे फोटो, दादाच्या पोराच्या लग्नाचा व्हिडिओ, माझ्या मुलाची शाळेची नाटकं, सगळं टीव्हीवर हजर. दादाला फोन करून सांगितलं, एक फोटोसुद्धा गेला नाही. दादा म्हणाला, "मानलं बुवा तुला." सिनेमे गेले होते, त्याची हळहळ मी बायकोपुढं केली. फोल्डरांच्या यादीवर नजर फिरवताना 'पाहुणे' दिसलं नाही, तेव्हा कुठं मला अक्काची गाणी आठवली.

मग सुरू झाली धावपळ. दादाच्या पोराला फोन केला, ती हार्डडिस्क जशी असेल तशी ठेव, काही टाकू नको, काही पुसू नको. तो म्हणाला, "काका, आम्ही तर दोनदा पुसून नवं भरलं." मेलेली डिस्क पुण्याला पाठवली, अशा डिस्कमधून काढून देणारे असतात त्यांच्याकडे. त्यांनी ती उघडली आणि आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असं कळवलं. भाच्याला आडून आडून विचारलं, तुझ्या लॅपटॉपवर कुठं आईची गाणी राहिली असतील का रे? तो लॅपटॉप त्यानं केव्हाच विकला होता. धुळ्याच्या वहिनीला विचारलं, कोणाच्या लग्नात अक्काचं गाणं कोणी भरलं असेल. एक व्हिडिओ मिळाला. त्यात अक्काच्या आवाजावर बँड वाजतोय आणि ती फक्त ओठ हलवताना दिसते.

अक्काचे फोन येतच होते. मी उचलायचं टाळायला लागलो. शाळेत आहे, गाडीवर आहे, बैठकीत आहे. शेवटी बायको म्हणाली, "उद्या त्या स्वतः येऊन टीव्हीसमोर बसल्या, तर काय दाखवणार? जा आणि सांगा." मी तिच्यावरच ओरडलो, तुला काय कळतंय म्हणून. ओरडून झाल्यावर मोटारसायकलची किल्ली घेतली.

असोद्याला पोचलो तेव्हा अक्का गच्चीवर होती. कुरडया घातल्या होत्या, प्लॅस्टिकच्या मोठ्या कागदावर ओळीनं. मला बघून तिचं तोंड फुललं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सावलीत पत्र्याखाली माझ्यासाठी पोतं अंथरलं. "जेवना का?" तिचा पहिला प्रश्न.

मी बसलो आणि सांगून टाकलं. डिस्क गेली. त्यात तुझी गाणी गेली. तुझ्या जुन्या डिस्कवरची मीच पुसली. पुण्याला पाठवून बघितलं, निघत नाही. एका दमात बोललो, मध्ये थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं. 'पाहुणे' फोल्डरचं सांगितलं नाही. ते सांगायची हिंमत झाली नाही, आणि आजही झालेली नाही.

ती कागदाच्या कडेला उकिडवी बसली होती. हातातली कुरडई तिनं परत खाली ठेवली.

"बठ्ठा गयात?"

"सगळी, अक्का."

मला वाटलं ओरडेल. तिनं ओरडावं असं फार वाटत होतं. लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हा तिनं माझे केस धरून मला अंगणभर फिरवलं होतं. आता तिनं फक्त विचारलं, "नानाना फोटो शेत ना?"

"आहेत."

"मोठा भाऊना पोऱ्यानं लगीन?"

"तेही आहे."

"मंग बरं जायं," ती म्हणाली. "तुना सिनेमा?"

"सिनेमे गेले."

"आरे आरे!" ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं. तिला माझ्या सिनेमांचं वाईट वाटलं. मला तिथं उन्हात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

थोडा वेळ ती कुरडया उलटत राहिली. तिचे हात न बघता काम करत होते. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पन तू तं ऐकेल व्हता ना? पोऱ्हेसनी, तू, तुम्ही तं ऐकेल व्हतात."

तिचा चेहरा इतका आशेनं भरला होता, की मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायलाच आलो होतो मी, पण ऐन वेळी तोंडातून "हो, ऐकलं होतं की" असं निघालं.

"कोनतं आवडनं तुले?"

मग जे आमच्याकडच्या प्रत्येक बाईच्या तोंडी असतं, जे असणारच असं मला वाटलं, ते बोललो. "झोक्याचं. अखाजीचं. ते तू फार छान म्हटलं होतंस."

अक्का थांबली. माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं.

"ते त्यामा नव्हतंज रे," ती हलक्या आवाजात म्हणाली. झोक्याचं गाणं एकटीनं म्हणायचं नसतं, तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. एकीनं म्हणायचं आणि बाकीच्या बायांनी ते उचलायचं. बंद खोलीत कोण उचलणार होतं? म्हणून तेवढं एक तिनं भरलंच नव्हतं.

खाली अंगणात कोणीतरी मोटार चालू केली, पाइपातून पाणी पडायला लागलं. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.

"म्हंजे कोनीज नही ऐकं," ती म्हणाली, आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उरलेल्या कुरडया उलटायला लागली.